बार्नेकलच्या पिल्लांचे डोळे आणि हिस्टामाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोलॉजीची पोरं, किनाऱ्यावर भटकणारी मंडळी आणि बोटवाले, तिघांचेही प्रश्न फिरून फिरून बार्नेकलच्या डोळ्यांवरच येतात, कारण खडकाला चिकटलेल्या त्या कवचाला डोळे असतात हेच आधी कुणाला पटत नाही. तर हे घ्या, सगळं एका ठिकाणी.

बार्नेकल म्हणजे आपली कालवंच ना?

नाही हो. कालव शिंपल्यांच्या खानदानातलं, बार्नेकल कोळंबी-खेकड्यांच्या. ओहोटीला धक्क्याच्या खांबांवर आणि होडीच्या बुडाला जी राखाडी-पांढरी, वरून तोंड असलेली, अनवाणी पाय ठेवला की कापणारी कवचं दिसतात ती बार्नेकल. शास्त्रज्ञसुद्धा बरीच वर्षं यांना शिंपल्यांच्याच रांगेत बसवत होते, मग 1830 मध्ये जॉन व्हॉन थॉम्सनने पाण्यात पोहणारं पिल्लू खाली बसून बार्नेकल होताना पाहिलं आणि तो विषय मिटला. पुढे डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षं यांच्यात घालवली.

या पानावर मुख्यतः अँफिबॅलॅनस अँफिट्रायटी या जातीबद्दल लिहिलंय, जुन्या पेपरांत हिचं नाव बॅलॅनस अँफिट्रायटी असं सापडेल. गरम पाण्याच्या जवळजवळ सगळ्या बंदरांत ती असते, आपल्या मुंबई-गोव्याकडे तर भरपूर, आणि गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हिच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम झालंय.

चिकटूनच बसायचं तर डोळे कशाला?

कारण चिकटायच्या आधी फिरायचं असतं. अंड्यातून निघतं ते नॉप्लियस नावाचं पिल्लू, मिलिमीटरच्याही बरंच खाली, पायांच्या तीन जोड्या आणि कपाळाच्या मधोमध डोळ्याचा एक काळसर ठिपका. ते कात टाकत टाकत सहा अवस्था काढतं आणि मग एकदम वेगळंच रूप घेतं, त्याला सिप्रिड म्हणतात. सिप्रिड काही खात नाही, साठवलेल्या चरबीवर चालतं, आणि त्याला काम एकच, आयुष्यभराची जागा शोधायची. पुढच्या दोन मिशांवर ते पृष्ठभागावर अक्षरशः चालतं, इथे टेकून बघ तिथे टेकून बघ, पसंत पडलं नाही तर उठून परत पोहायला लागतं. पसंत पडलं की मात्र सिमेंट सोडून डोकं खाली करून चिकटतं, आणि तिथून हलणं नाही.

आता एवढ्या मोठ्या निर्णयात उजेड कुठून येतोय, वर काय आहे खाली काय आहे, सावलीची फट कुठे आहे हे कळायला नको का. नॉप्लियस पिल्लं तर उजेडाकडे इतकी हमखास धावतात की लॅबमध्ये ती गोळा करायची पद्धतच ती आहे, भांड्याच्या एका बाजूला छोटा दिवा लावायचा, थोड्या वेळात त्या कोपऱ्यात पिल्लांचा धुरकट ढग जमतो, तो पिपेटने उचलायचा. जाळी-बिळी काही लागत नाही.

एकूण डोळे किती मग?

नॉप्लियसला एक, पण तो तीन छोट्या वाट्यांचा जोड असतो. सिप्रिड होताना त्यात दोन संयुक्त डोळ्यांची भर पडते, माशीला असतात त्या प्रकारचे पण फारच लहान. म्हणजे सिप्रिडकडे दोन पद्धतीचे डोळे एकाच वेळी असतात. चिकटल्यावर संयुक्त डोळे टाकून दिले जातात आणि नॉप्लियसच्या डोळ्याच्या तीन वाट्या सुट्या होऊन मोठ्या बार्नेकलचे तीन साधे डोळे बनतात, एक मधला, दोन बाजूचे. हा भाग मला फार आवडतो. जे डोळे शेवटी अंधाऱ्या कवचात राहणार ते टिकतात, आणि जास्त भारी दिसणारे संयुक्त डोळे एका कामापुरते येतात आणि जातात.

हिस्टामाइन? ते अ‍ॅलर्जीवालं?

तेच, रेणू तोच. आपल्या अंगात ते शिंका, खाज आणि पोटातलं अ‍ॅसिड या भानगडींत असतं, मेंदूत जागं ठेवण्याच्या कामातही असतं. पण कीटक, खेकडे, बार्नेकल या सांधेपायी प्राण्यांनी त्याला भलत्याच कामाला लावलंय, त्यांच्या डोळ्यातली उजेड टिपणारी पेशी, म्हणजे फोटोरिसेप्टर, पुढच्या पेशीला निरोप देते तो हिस्टामाइन सोडून. 1980 च्या दशकात हे हळूहळू पक्कं होत गेलं. 1989 मध्ये रॉजर हार्डी यांनी माशीत दाखवलं की समोरच्या पेशीवर थेट हिस्टामाइनने उघडणारे क्लोराइड चॅनेल, म्हणजे क्लोराइड आयनांसाठीची दारं, असतात, आणि त्याच वर्षी जोसेफ कॅलवे आणि अ‍ॅन स्टुअर्ट यांनी बार्नेकलच्या फोटोरिसेप्टरचा ट्रान्समीटर, म्हणजे निरोप नेणारा रेणू, हिस्टामाइनच आहे याचा पुरावा मांडला.

हिस्टामाइनचा अपटेक म्हणतात, तो नक्की काय?

सोडलेलं परत आत ओढून घेणं. दोन पेशींच्या मधल्या फटीत ट्रान्समीटर सांडतो, निरोप पोचतो, आणि मग तो तिथून उचलला जातो. उचलणारी यंत्रणा म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेली प्रथिनं, त्यांना ट्रान्सपोर्टर म्हणतात.

हे साफसफाईचं काम झालं, यात एवढं विशेष काय?

इथेच सगळे चुकतात, म्हणून जरा सविस्तर. अपटेक हे निरोप संपल्यानंतरचं काम नाही, बार्नेकलच्या बाबतीत तर तो अर्धा निरोप आहे.

बघा कसं होतं. मोठं बार्नेकल पिसासारखे पाय बाहेर काढून पाण्यातलं खाणं गाळत बसलेलं असतं. वरून माशाची सावली पडली की क्षणात पाय आत आणि झाकण बंद. म्हणजे त्याच्या जिवावरची बातमी उजेड आला ही नसून उजेड गेला ही आहे. आता आतमध्ये काय होतं, उजेडात फोटोरिसेप्टरचं व्होल्टेज वर जातं आणि तो हिस्टामाइन सोडत राहतो. पुढच्या पेशीला, जिला संशोधक आय-सेल म्हणतात, ते हिस्टामाइन दाबून ठेवतं, कारण क्लोराइड चॅनेल उघडले की पेशी गप्प होते. सावली पडली की फोटोरिसेप्टरचं व्होल्टेज पडतं, हिस्टामाइन सोडणं थांबतं, आय-सेलवरचा दाब सुटतो, ती उसळते, तिच्या पुढच्या पेशी फायर होतात आणि पाय आत जातात.

पण थांबा. सोडणं थांबलं एवढ्याने आय-सेलला काय कळणार? तिला फटीत किती हिस्टामाइन उरलंय तेवढंच कळतं. मोरीत नळ चालू आहे आणि खालून पाणी वाहून जातंय, तुम्ही फक्त मोरीतलं पाणी बघू शकता, नळ दिसत नाही, तर नळ बंद झाला हे तुम्हाला कधी कळेल, जाळी मोकळी असेल तरच ना, तुंबलेली असली तर नळ बंद होऊन पाच मिनिटं झाली तरी तुमच्या दृष्टीने काही बदललेलंच नाही. अपटेक ही ती जाळी. ती जितकी चोख तितकी सावलीची बातमी धारदार.

आणि हे सगळं फारच थोड्या पेशींवर चाललेलं असतं. मोठ्या पॅसिफिक बार्नेकलच्या मधल्या डोळ्यात फोटोरिसेप्टर चारेक असतात, बाजूच्या डोळ्यांत तीन-तीन. त्यांचा तंतू सेंटीमीटरभर लांब जाऊ शकतो आणि त्यातून आपल्या नर्व्हमध्ये जातात तसले ठोके जात नाहीत, व्होल्टेज नुसतं घरंगळत, थोडं थोडं कमी होत टोकापर्यंत पोचतं. इतक्या क्षीण सिग्नलवर सावली ओळखायची तर टोकाशी गोंधळ परवडत नाही.

अ‍ॅसिटिलकोलीन हा दुसरा ट्रान्समीटर तर जागच्या जागी तोडून टाकतात, तसं हिस्टामाइनचं का नाही करत?

अ‍ॅसिटिलकोलीनसाठी फटीतच एन्झाइम बसलेलं असतं, ते तुकडे करतं आणि त्यातलं कोलीन परत आत जातं. हिस्टामाइनसाठी फटीत तसला झटपट कातरणारा एन्झाइम नसतो. त्यामुळे ते उचलूनच न्यावं लागतं, पर्याय नाही.

मग उचलतं कोण?

दोन घराणी आहेत. माशीत हिस्टामाइन उचलतात शेजारच्या ग्लिया पेशी, म्हणजे नर्व्ह पेशींना सांभाळणाऱ्या पेशी, तिथे एबनी नावाचं एन्झाइम त्याला बीटा-अलानिन जोडून कार्सिनिन बनवतं, ते कार्सिनिन फोटोरिसेप्टरमध्ये परत जातं, आणि तिथे टॅन नावाचं एन्झाइम जोड सोडवून पुन्हा हिस्टामाइन मोकळं करतं. चांगला वळसा आहे. गंमत म्हणजे ही नावं माशीच्या अंगाच्या रंगावरून पडली, एबनी बिघडलेली माशी काळपट होते आणि टॅन बिघडलेली तांबूस-फिकट, कारण कातडीचा रंग तयार होताना हीच जोडाजोड डोपामाइनवर चालते. आणि यातलं कुठलंही बिघडलं की माशीच्या डोळ्याच्या इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंगमध्ये उजेड लागताना-जाताना येणारे टोकदार झटके गायब होतात, म्हणजे फोटोरिसेप्टर उजेड टिपतोय पण पुढे बातमी नीट जात नाहीये.

बार्नेकलचा फोटोरिसेप्टर सरळ माणूस. स्वतः सोडलेलं हिस्टामाइन स्वतःच उचलतो. 1996 मध्ये स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा अपटेक निवडक आहे, वाटेल ती पेशी हिस्टामाइन ओढत नाही, आणि पेशी किती कामात आहे यावरही तो अवलंबून असतो. 1999 मध्ये त्याच लॅबमधून आणखी एक गोष्ट आली, की हा फोटोरिसेप्टर हिस्टिडिन हे अमिनो आम्ल आत घेऊन त्यापासून नवं हिस्टामाइनही बनवतो. म्हणजे जुना माल परत आणि नवा माल तयार, दोन्ही सोयी घरात.

पिल्लांच्या डोळ्यात हे होतं हे कळलं कसं? एवढ्याशा डोळ्यात सुई तर घालता येणार नाही.

नाहीच येणार, म्हणून पद्धत वेगळी. हिस्टामाइनच्या रेणूत हायड्रोजनच्या जागी ट्रिटियम बसवतात, ट्रिटियम म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन. प्राण्याला त्या हिस्टामाइनच्या संपर्कात ठेवायचं, म्हणजे ज्या पेशीला ते ओढून घ्यायची सवय आहे ती ओढून घेईल. मग धुवायचं, ग्लुटाराल्डिहाइडसारख्या फिक्सेटिव्हमध्ये घालायचं, तो अमाइनला आसपासच्या प्रथिनांशी बांधून टाकतो त्यामुळे हिस्टामाइन जिथे आहे तिथेच अडकतं. त्यानंतर रेझिनमध्ये बसवून पातळ काप, काचपट्टीवर काप, त्यावर फोटोग्राफिक इमल्शनचा थर, आणि डबा बंद करून अंधारात ठेवून द्यायचा. दिवस नाही, आठवडे. कापातून निघणारे बीटा कण इमल्शनमध्ये चांदीचे दाणे तयार करतात, शेवटी जुन्या फोटोसारखं डेव्हलप केलं की मायक्रोस्कोपखाली काळे ठिपके दिसतात. जिथे ठिपक्यांची गर्दी तिथे हिस्टामाइन.

ट्रिटियमच का, याला कारण आहे. त्याचा बीटा कण इतका दुबळा की मायक्रोमीटरच्या आसपासच जातो, म्हणून ठिपका ज्या पेशीतून आला तिच्या डोक्यावरच पडतो. जोरकस आयसोटोप घेतला असता तर नॉप्लियसच्या डोळ्यासारख्या ठिपक्यात सगळीकडे काळंच झालं असतं आणि कुठली पेशी कुठली ते कळलंच नसतं.

2002 मध्ये बायोलॉजिकल बुलेटिनमध्ये स्टुअर्ट, मेकील आणि केम्प्टर यांनी अँफिट्रायटीच्या पिल्लांवर हे करून दाखवलं, डोळे हिस्टामाइन ओढून घेतात.

मोठ्या बार्नेकलमध्ये कळलं होतं ना, मग परत पिल्लांवर कशाला?

चांगला प्रश्न. आधीचं बहुतेक काम पॅसिफिकच्या उत्तर अमेरिकी किनाऱ्यावरच्या बॅलॅनस न्युबिलस या राक्षसी जातीवर झालं, बूड पंधरा सेंटीमीटरपर्यंत जातं, पेशी मोठ्या, इलेक्ट्रोड घालायला सोप्या. ते ठीक. पण मोठ्या बार्नेकलला डोळ्याचं काम एकच, सावली. पिल्लाचं तसं नाही, त्याला उजेडाकडे जायचं असतं, दिशा ओळखायची असते. म्हणून विचारावं लागतं की काम बदलल्यावर केमिस्ट्री बदलते का. हिस्टामाइनचा अपटेक पिल्लांतही दिसल्यावर असं म्हणता येतं की या पेशी लहानपणापासून हाच ट्रान्समीटर हाताळायला सज्ज असतात, आयुष्य उलटंपालटं होतं तरी ही सोय बदलत नाही.

दुसरा फायदा अगदी व्यावहारिक आहे. पिल्लाचा मेंदू इतका बारीक की कुठली पेशी कुठे जाते ते शोधताना डोळे दुखून येतात, पण पेशी स्वतःच खुणेचं हिस्टामाइन गिळून काळी दिसायला लागली तर निम्मं काम तिनेच केलं.

अपटेक बंद पाडला तर पिल्लू आंधळं होईल?

आंधळं म्हणता येणार नाही, कारण उजेड टिपणं वेगळं आणि बातमी देणं वेगळं. तर्क असा की फटीत हिस्टामाइन साचून राहील, पुढची पेशी दाबलेलीच राहील आणि उजेड कमी-जास्त झाल्याचा बदल पुसट होईल. आत माल परत न आल्याने साठाही हळूहळू खालावेल, नवं बनवून किती पुरणार. माशीत जे दिसतं ते या तर्काशी जुळतं.

पाण्यात सेट्रिझिन टाकली तर?

हा प्रश्न दरवर्षी येतो. सेट्रिझिन आपल्या ज्या एच-1 रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे निरोपाचा रेणू पकडणारं पेशीवरचं प्रथिन) बसते तो वेगळ्या जातीचा, पेशीच्या आत लांबलचक साखळी हलवणारा. बार्नेकलच्या डोळ्यामागे आहे तो सरळ चॅनेल, हिस्टामाइन बसलं की दार उघड. त्यामुळे सर्दीची गोळी इथे लागू पडेल असं धरून चालू नका. मजेची गोष्ट ही की अ‍ॅसिडिटीसाठी पूर्वी सर्रास देत ती सिमेटिडीन मात्र सांधेपायींच्या या चॅनेलला अडवते, आणि प्रयोगांत ती त्यासाठी वापरलीही जाते.

बाकी समुद्री पिल्लांचंही असंच असतं का?

खेकडे-कोळंबीच्या गोतावळ्यात फोटोरिसेप्टरचा ट्रान्समीटर हिस्टामाइनच. त्याबाहेर गेलात की नियम बदलतो. प्लॅटिनेरिस नावाच्या समुद्री किड्याच्या पिल्लाला दोन इवले डोळे असतात, एक फोटोरिसेप्टर आणि एक रंगाची पेशी मिळून एक डोळा, संपलं. तो फोटोरिसेप्टर मेंदूला विचारतच नाही, त्याचा तंतू सरळ पोहणाऱ्या केसाळ पेशींवर जातो आणि अ‍ॅसिटिलकोलीन सोडून त्यांची हालचाल बदलतो, त्यावर पिल्लू उजेडाकडे वळतं. हे 2008 मध्ये गॅस्पार येकेली आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये दाखवलं. तिथे आवराआवर तोडून होते, उचलून नाही.

आणि आपल्या डोळ्यात?

ग्लुटामेट. तेही उलटं, अंधारात सुटतं आणि उजेडात कमी होतं. उचलतात फोटोरिसेप्टर स्वतः आणि शेजारच्या म्युलर ग्लिया.

बांगडा खाऊन अंगावर गांधी उठतात, ते पण हिस्टामाइनच का?

हो, आणि केमिस्ट्री तीच, हिस्टिडिनचं हिस्टामाइन. बांगडा, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं, मासा बर्फाशिवाय राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामाइन करतात. तळून, उकळून ते जात नाही, त्यामुळे मसाला कितीही झणझणीत असो उपयोग शून्य. तोंड लाल होणं, डोकं दुखणं, गांधी, हे लोक माशाची अ‍ॅलर्जी समजतात, बऱ्याचदा ती अ‍ॅलर्जी नसतेच, बर्फ कमी पडलेला असतो. पण श्वास लागत असेल तर कारण शोधत बसू नका, डॉक्टर गाठा. बार्नेकलचा यात काही संबंध नाही, पण विचारलं म्हणून सांगितलं.

होडीला चिकटू नये म्हणून डोळ्यांच्या या माहितीचा उपयोग होतो का?

डोळ्यांचा थेट रंगाच्या डब्यात अजून तरी नाही. पण नर्व्हच्या केमिस्ट्रीचा झालाय. पूर्वी बुडाला टीबीटीचे रंग मारायचे, कथिलाचं जहर ते, बार्नेकलसोबत आसपासच्या गोगलगाईंची पण वाट लावायचं. त्यावर 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2008 पासून तो लागू आहे. नंतर आलेल्या रंगांपैकी एकात मेडेटोमिडीन असतं, मूळचं जनावरांना गुंगी आणायचं औषध. सिप्रिडमध्ये ते ऑक्टोपामाइन या निरोप्या रेणूच्या रिसेप्टरवर बसतं आणि गुंगी येण्याऐवजी उलट पाय झाडायला लावतं, पिल्लू मरत नाही पण टेकायला उसंत मिळत नाही आणि पोहत निघून जातं. सेरोटोनिन या आणखी एका निरोप्या रेणूचाही चिकटण्याशी संबंध दिसलाय.

दृष्टीच्या बाजूने एक धागा मात्र रोचक आहे. मोठ्या बार्नेकलची कवचं लाल प्रकाश फेकतात आणि सिप्रिड तो बघून आपल्या माणसांत जाऊन बसत असावं असं 2014 च्या एका कामात मांडलंय. तसं असेल तर बुडाचा रंग कुठला हा प्रश्न नुसता हौसेचा राहत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की बूड खरवडायचं काम निघतंच, तेव्हा रंगवताना दोन रंगांचे पट्टे मारून ठेवा आणि पुढच्या वर्षी कुठल्या पट्ट्यावर किती चिकटले ते मोजा, फक्त दोन्ही पट्टे एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे घ्या, नाहीतर फरक रंगाचा की औषधाचा ते कळणार नाही.